दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका : हसू कुणाचे, घर कुणाचे?

आपल्या चळवळीत करमणूक हा शब्द बराच काळ संशयितासारखा वावरत आला आहे. कार्यकर्त्याच्या घरी रात्री साडेआठला दूरचित्रवाणी चालू असली आणि अवचित कुणी साथी आला, तर तो ओशाळतो. ‘पोरं बघतात’ असे सांगतो. पोरे बाहेर खेळत असतात आणि हा स्वतःच बघत असतो, ही गोष्ट वेगळी. भाईंदरच्या आमच्या एका अभ्यासवर्गात अलीकडे एका तरुण मित्राने फार आवेशाने मांडणी केली : समाज ढवळून निघत असतो तेव्हा प्रस्थापितांना लोकांचा राग निवावा असे वाटते, आणि त्यासाठी ते हास्याच्या मालिका पुरवतात, ही नवी अफू आहे, ती घरातून हद्दपार केली पाहिजे. टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली. घरी आलो तेव्हा आई ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ पाहत होती आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

अफूचा सिद्धान्त मला त्या रात्री अपुरा वाटला. अफू घेणारा माणूस कशासाठी घेतो, हे तो सिद्धान्त सांगत नाही. पुरवणाऱ्याचा हेतू सांगितला म्हणजे घेणाऱ्याची गरज कळली, असे समजणे भाबडेपणाचे आहे. आपल्या समीक्षेने अभिजनांच्या साहित्याची चिरफाड केली ती योग्यच होती. परंतु आपली माणसे रोज अर्धा तास ज्यापुढे बसतात त्याची समीक्षा तिने क्वचितच केली. केली ती निषेध म्हणून.

म्हणून मी आईला विचारले, हे तुला का आवडते? ती म्हणाली, “एवढी भांडतात रे, पण खोली सोडून कुणी जात नाय.”

या वाक्याचे वजन समजण्यासाठी तिचे आयुष्य थोडे सांगणे भाग आहे. ती लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आली. जानेवारी १९७४ मध्ये दलित पॅंथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली तेव्हा समोरासमोरच्या चाळी एकमेकींवर दगड, बाटल्या, पेटते बोळे टाकीत होत्या. ज्या बाईकडून ती सणाला पुरणपोळी घ्यायची, तिच्याच खिडकीतून सोडावॉटरची बाटली आली. १० जानेवारीस परळच्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेला. आईच्या लेखी शेजाऱ्यांचे भांडण याचा अर्थ हा. त्याआधी गावी शेजाऱ्यांचे भांडण म्हणजे बहिष्कार : पाणवठा बंद, किराणा बंद, पीठगिरणी बंद. भांडण झाले की आपल्यालाच उठावे लागते, ही तिची पक्की समजूत होती, आणि ती अनुभवाने बनलेली होती. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपात वडिलांचे काम गेले, पुढे खोलीही भावकीत गेली, आणि नव्वदच्या दशकात आम्ही भाईंदर पूर्वेला एका खोली-किचनमध्ये आलो. तेही उठणेच होते.

प्रसंगविनोदी मालिका, जिला आता सगळेच सिटकॉम म्हणतात, तिच्या रचनेत एक कबूल केलेली हमी असते. ठरावीक माणसे, ठरावीक जागा, रोज नवा घोळ. घोळ वाढतो, आवाज चढतात, कुणी कुणाचे तोंड पाहायचे नाही म्हणून शपथ घेतो. आणि शेवटी सारे पुन्हा त्याच आवारात, त्याच सोफ्यावर, त्याच कट्ट्यावर. कुणी मरत नाही, कुणाची नोकरी कायमची जात नाही, कुणाला बिऱ्हाड हलवावे लागत नाही. नाटक माणसाला बदलते. सिटकॉम त्याला बदलू देत नाही. समीक्षक याला दोष मानतात. पण ज्याच्या भोवतीचे सगळेच पायाखालून सरकत आहे त्या माणसाला न बदलण्याची ही हमी केवढी मोठी वाटत असेल! सामाजिक बदलाच्या काळात अशा मालिका भरभराटीला येतात त्याचे कारण, माझ्या मते, लोकांना बदल नको असतो हे नव्हे. बदलाची किंमत घर गमावून मोजावी लागू नये, अशी त्यांची इच्छा असते. ही इच्छा न्याय्य आहे. तिला अफू म्हणणारा बहुधा स्वतः घरातून उठवला गेलेला नसतो.

आणि उठून आलेल्या माणसांचे गाव पाहायचे तर मीरा-भाईंदरसारखे दुसरे दाखवता येणार नाही. दहिसरचा जकात नाका ओलांडला की सुरू होणारे आणि वसईच्या खाडीवर संपणारे हे गाव मिठागरांचे, कोळ्यांचे, आगऱ्यांचे. १९८५ ला नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ ला आठ लाखांवर गेली. संपानंतर गिरणगाव सुटलेले इथे आले. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतील वस्त्या सोडलेली मुसलमान कुटुंबे इथे आली. मारवाडी, गुजराती व्यापारी आले, उत्तरेकडचे कामगार आले, घाटावरून आणि कोकणातून आपली माणसे आली. बहुतेकांनी आयुष्यात प्रथमच ‘सोसायटी’ नावाच्या गोष्टीत पाऊल टाकले : सचिव, मेंटेनन्स, वार्षिक सभा, फाटकावरचा फळा. चाळीत राहण्याची रीत ठाऊक होती, सोसायटीत राहण्याची नव्हती. ती शिकवायला कुणी नव्हते. मग २८ जुलै २००८ ला, मीरा रोडहून पाच स्टेशने अलीकडे असलेल्या गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रित होणारी एक सोसायटी पडद्यावर आली. गोकुलधाम.

तारक मेहतांचे मूळ सदर ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासूनचे. मालिकेने त्यातून जेठालाल आणि त्याचे कुटुंब उचलले आणि भोवती भारत वसवला. गुजराती दुकानदार, मराठी शिक्षक, तमिळ शास्त्रज्ञ व त्याची बंगाली पत्नी, सरदारजी व त्याची पारशी पत्नी, भोपाळकडचा अविवाहित पत्रकार. चार हजारांहून अधिक भाग झाले, आणि अजून संपत नाही. आमच्या इमारतीत रात्री साडेआठला सहा मजल्यांवरून एकच संगीत ऐकू येते. या मालिकेने आमच्या लोकांना सोसायटी शिकवली, असे मी विनोदाने म्हणत नाही. वार्षिक सभेत आवाज चढला की कुणीतरी ‘भिडे मास्तर’ म्हणतो आणि वातावरण सैल होते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण इथेच थांबून विचारले पाहिजे की गोकुलधामात कोण राहते. प्रत्येकाला प्रांत आहे, भाषा आहे, आपापले पक्वान्न आहे. जात मात्र कुणालाच नाही. म्हणजे असे की ती उच्चारली जात नाही. आडनावे पुरेशी बोलतात. मराठी माणूस दाखवायचा तर तो आत्माराम तुकाराम भिडे. भिडे हे आडनाव कानी पडताच मराठी प्रेक्षकाला जे कळायचे ते कळते. हिंदी प्रेक्षकाला कळत नाही, आणि मालिका निर्धास्त राहते. ही काही आजची गोष्ट नव्हे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तेच वर्ष दलित पॅंथरचे, तेच ‘गोलपिठा’चे. एकाच शहरात, एकाच वर्षी दोन आवाज उमटले. पण त्या केंद्रावर विनोद आला तो चिं. वि. जोशींच्या चिमणरावांचा. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरांत नेले. मीही चाळीत दुसऱ्याच्या दारात उभा राहून हसलो आहे. चिमणराव जोग. १९८८ ला आर. के. लक्ष्मण यांच्या रेषांतून आलेला वागळे. मग भिडे. जोग, वागळे, भिडे : पडद्यावरचा विनोदी मराठी माणूस चाकोरी सोडायला तयार नाही.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. १९८६ मध्ये सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांनी ‘नुक्कड’ काढली. रस्त्याच्या कोपऱ्यावर जमणारी कष्टकरी माणसे, सायकल दुरुस्त करणारा, मोलकरीण, भिकारी, दारुडा. इतकी माया गरिबांवर त्यानंतर छोट्या पडद्याने दाखवली नाही. ती मालिका मला आजही प्रिय आहे. पण तिथली नावे आठवा. गुरू, हरी, खोपडी. ज्याच्यामागे आडनाव असते असा माणूस तिथे सहसा भेटत नाही. सिटकॉम फ्लॅटमध्ये गेले की आडनाव घेऊन जाते आणि रस्त्यावर उतरले की आडनाव उतरवून ठेवते. गरिबी दिसते, जात अदृश्य होते. पुरोगामी कलावंतांचीही ही गफलत होती, आणि केवळ पडद्यावरचीच नव्हती.

गोकुलधामच्या फाटकाशी अब्दुलचे दुकान आहे. तो भला माणूस आहे, सणावाराला सगळ्यांत असतो, सोडा पाजतो, सगळे त्याला आपला म्हणतात. सोसायटीत त्याचा फ्लॅट नाही. एवढ्या वर्षांत, एवढ्या भागांत, एवढ्या प्रेमळ माणसांमध्ये ही गोष्ट कुणाला खटकली नाही, यावरून ती किती नैसर्गिक मानली जाते ते कळते. अब्दुल निदान फाटकाशी आहे. कांबळे, साळवे, वाघमारे फाटकाशीही नाहीत. त्यांच्यावर विनोद केला नाही, त्यांना वाईट दाखवले नाही. ते नाहीत, एवढेच. आपला अपमान झाला नाही म्हणून आपणही तक्रार केली नाही.

आईचे वाक्य इथे उलटून पाहावे लागते. भांडूनही कुणी खोली सोडत नाही, कारण ज्यांना सोडावी लागली असती त्यांना आधीच घेतलेले नाही. हमी खरी आहे. ती देण्यापूर्वी यादी तपासलेली आहे.

कुणी म्हणेल, ही काल्पनिक सोसायटी आहे, तीवर एवढा राग कशाला. तर खऱ्या सोसायटीकडे वळू. १५ एप्रिल २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरॅस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. आधार घेतला तो घटनेतील संघटना-स्वातंत्र्याचा. आमच्या इमारतीला असल्या उपविधीची गरज पडली नाही. फ्लॅट दाखवताना दलालाने तीनदा विचारले, ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ पहिली दोन वर्षे बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत होती, आणि ती तिथे लावा असे आम्हांला कुणी सांगितले नव्हते. हे लिहिताना आजही लाज वाटते. तिसऱ्या वर्षी आईनेच ती बाहेर आणून दूरचित्रवाणीच्या वर लावली. त्या एप्रिलमध्ये मी सज्जात निळा कंदील लावला तर फळ्यावर सूचना आली : सामायिक भिंतीच्या बाहेरील बाजूस परवानगीविना सजावट करू नये. नवरात्रात सगळी इमारत दिव्यांनी मढवली होती. तेव्हा फळा कोरा होता. सचिव मनुष्य वाईट नव्हता. तोही मालिका पाहतो.

सिटकॉमचा सारा संसार गैरसमजावर चालतो. याने त्याचे अर्धेच ऐकले, तिने पत्र भलत्याचे वाचले, आणि खुलासा झाला की मिठी. मालिका आपल्याला हळूहळू असे मानायला लावते की माणसामाणसांतील सारे तंटे खुलाशाने मिटतात. फळ्यावरच्या त्या सूचनेत मात्र गैरसमज कुठे होता? सचिवाला निळा रंग कळला होता, आणि त्याला कळला आहे हे मला कळले होते. अस्पृश्यता हा कधीच गैरसमज नव्हता.

मालिकेच्या इतिहासातील दोन प्रसंग या दृष्टीने पाहावेत. २ ऑक्टोबर २०१४ ला पंतप्रधानांनी स्वच्छ भारत अभियान सुरू करताना ज्या नऊ जणांना झाडू हाती घेण्याचे आवाहन केले त्यांत सचिन तेंडुलकर, सलमान खान यांच्यासोबत ‘तारक मेहता’चा संघ होता. जेठालालने झाडू घेतला तर ती देशसेवा. ज्यांच्या हातात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे ते कोण, हे पहाटे पाचला भाईंदर स्टेशनाकडे निघणाऱ्या माणसास विचारावे लागत नाही. रस्त्यावर कुणाच्या बाया आहेत ते तो पाहतो. गोकुलधामने झाडू स्वीकारला. तो धरणारा माणूस शेजारी म्हणून त्याला अद्याप स्वीकारता आलेला नाही.

दुसरा प्रसंग मार्च २०२० चा. चंपकलालच्या तोंडी मुंबईची आम भाषा हिंदी अशा अर्थाचे वाक्य आले, मनसेने आक्षेप घेतला आणि निर्माते असित मोदी यांना जाहीरपणे, मुंबई महाराष्ट्रात असून येथील राजभाषा मराठी असल्याचे सांगून माफी मागावी लागली. आक्षेपाच्या योग्यायोग्यतेत मी जात नाही. गंमत अशी की मालिका हादरली ती भाषेवर, कारण तिने माणसे भाषेवारीच मांडली होती. जातीवर ती कधी हादरली नाही. हादरण्यासाठी ती गोष्ट आत असावी लागते. आणि बाहेर, २०२५ च्या जुलैत, याच मीरा रोडला एका दुकानदाराला मराठी न बोलण्यावरून मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, उलट ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला. त्याच्या दीड वर्ष आधी, २१ जानेवारी २०२४ च्या रात्री, नयानगरात हाणामारी झाली होती आणि दोनच दिवसांत तिथे बुलडोझर आले होते. त्या आठवड्यातही साडेआठचे संगीत चुकले नाही. मी म्हणेन, त्या आठवड्यात ते अधिक मोठ्याने लावले गेले.

आपण ज्यांच्यावरून पॅंथर हे नाव घेतले त्या अमेरिकन कृष्णवर्णीयांनी हा प्रश्न आपल्याआधी अनुभवला. १९७१ ला सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ने आर्ची बंकर नावाचा वंशद्वेष्टा गोरा कामगार मध्यभागी बसवून त्याची टर उडवली. पण १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी दाखवले की मुळात पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांना आर्ची आपलाच माणूस वाटत होता. मग १९८४ ला ‘द कॉस्बी शो’ आला : सुखवस्तू काळे डॉक्टर, काळी वकील, गोड मुले. गोऱ्या घरांतही तो अफाट लोकप्रिय झाला. जॉली आणि लुईस यांनी १९९२ च्या अभ्यासात म्हटले की ते कुटुंब पाहून गोऱ्या प्रेक्षकांची खात्री पटली, आता वंशभेद उरलाच नाही. जे मागे राहिले ते स्वतःच्या दोषाने. तेव्हा गोकुलधामात एक कांबळे डॉक्टर आणून बसवला म्हणजे काम झाले असे कुणी समजू नये. तो डॉक्टर उद्या आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाईल. पण न आणणे हाही उपाय नव्हे.

आणि हसवण्याचे आपल्याला वावडे का असावे? सत्यशोधकांच्या जलशांनी भटजीची फजिती करून गावेच्या गावे हसवली. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी सोंगाड्याच्या तोंडून सावकार, पाटील, बुवा यांची पिसे काढली. आपल्याच माणसांच्या दारूची, देवभोळेपणाची आणि मेलेल्या ढोराच्या हव्यासाचीही काढली. अण्णा भाऊंची ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही लोकनाट्ये कामगार मैदानांवर हशा पिकवीत होती. ते हसू वरच्या दिशेने जाणारे होते. पुढे आपल्या साहित्याने वेदना आणि विद्रोह यांना अग्रस्थान दिले. ते ऐतिहासिक गरजेचे होते. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार दया पवारशी बोलतो त्या बोलण्यात किती तिरकस हसू भरले आहे, हे आपण शिकवताना सांगत नाही; आम्ही शिक्षक मंडळी वेदनेवर गुण देतो. वस्तीतली माणसे मात्र एकमेकांची नक्कल करीत, सायबाची नक्कल करीत रात्ररात्र हसतात. त्या हसण्याला आपण वाङ्‌मयात जागा दिली नाही, मग ते भाड्याच्या हसण्याकडे गेले तर दोष कुणाला द्यायचा? आपल्याकडे आत्मकथने शेकड्यांनी आहेत. अर्ध्या तासाची एक संहिता दाखवा.

अभ्यासवर्गातील भाषणानंतर मी माझ्या बारावीच्या वर्गाला एक काम दिले. गोकुलधामात नवा भाडेकरू येतो, एवढ्यावर एक भाग लिहा. चाळीसेक मुलांनी लिहिले. कुणी ओडिया आणला, कुणी मणिपुरी, कुणी थेट परदेशी. एकाने भूत आणले. आडनावाने आलेला भाडेकरू एकाच मुलीच्या वहीत होता. ती कुठल्या समाजाची हे मी विचारले नाही. तिच्या संहितेत भाडेकरू अर्ज भरायला सचिवाच्या घरी येतो. भिडे विचारतो, पूर्ण नाव? तो म्हणतो, संजय तुकाराम कांबळे. भिडे पेन थांबवतो, चष्मा काढतो, पुसतो, पुन्हा लावतो. भाडेकरू फाटकावरची पाटी वाचून आलेला असतो. तो नम्रपणे म्हणतो, “सर, तुमच्याही वडलांचं नाव तुकाराम, माझ्याही. आपण पहिल्या दोन नावांवर अर्ज घेऊ या का? तिसरं नंतर बघू.” माधवीभाभी आतून लोणच्याची बरणी घेऊन येते आणि दोघांकडे आळीपाळीने पाहत राहते. वर्गात वाचले तेव्हा मुले बाके बडवून हसली. मागच्या बाकावरची दोन मुले हसली नाहीत, ती एकमेकांकडे पाहत होती.

मुलीने भाग तिथेच सोडला होता. मी म्हटले, शेवट कर. ती म्हणाली, “सर, शेवटी सगळे कंपाउंडमध्ये जमायला पाहिजेत ना. मला त्याला कुठे उभं करावं ते कळत नाही.”

ती वही मी घरी नेली आणि आईला वाचून दाखवली. तुकारामाच्या वाक्याला ती चांगलीच हसली, पदर तोंडाशी धरून. मग थांबून म्हणाली, “मग खोली दिली का त्याला?”